गंज चालेल, तडा नको

गोंदिया जिल्ह्यात सुतारकाम शिकायला निघालेल्या माणसाचं लाकडापाशी फारसं अडत नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या भोवतालचं जंगल साग, बीजा, ऐन, हळदू, धावडा यांचं आहे. रीतसर लाकूड वखारीत मिळतं, आणि कवेलूची जुनी घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहताना मयाली, फाटे, चौकटी गावोगाव निघतात. अडतं ते हत्यारापाशी, आणि त्यातही रंध्यापाशी. करवत किंवा पटाशी थोडी कमी प्रतीची असली तरी तिच्याकडून कसंबसं काम काढून घेता येतं. रंध्याचं तसं नाही. तळ, पातं आणि पात्याची बैठक या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जागेवर असल्या तरच तो छिलका काढतो. एक जरी बिघडली तरी तो लाकडावर नुसता घसरतो, नाहीतर लाकूड उपटतो. नवशिक्याला यातलं काही माहीत नसतं, म्हणून तो दोष स्वतःच्या हाताला देतो आणि पंधरवड्यात शिकणं सोडतो. पहिला रंधा निवडणं ही खरेदीची किरकोळ बाब वाटते, पण पुढे सुतारकाम होणार की नाही हे बरंचसं तिथंच ठरतं. माझं म्हणणं असं की, बेताच्या पैशात सुरुवात करणाऱ्याने जुना लोखंडी रंधा घ्यावा, आणि तो निवडताना ‘किती जुना’, ‘कोणत्या कंपनीचा’, ‘किती चकचकीत’ हे प्रश्न मागे ठेवून एकच प्रश्न आधी विचारावा: याच्यात जे बिघडलं आहे ते आपल्या हाताने दुरुस्त होणारं आहे का?

जुने रंधे येतात कुठून, हे आधी पाहू. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. गावच्या सुताराचं पोट नांगर, वखर, बंडी यांवर चालायचं. ट्रॅक्टर आला, बंडीला रबरी चाकं आली, आणि ते काम आटलं. शहरात फर्निचर करणाऱ्यांकडे प्लायवूड आणि सनमायका आला, चौकटी-दारं करणाऱ्यांकडे विजेचा रंधा आला. ज्या घरात पुढच्या पिढीने सुतारकी सोडली तिथं हत्यारांची पेटी पडवीत किंवा माळ्यावर पडून राहते आणि एके दिवशी भंगारात जाते. भंगारवाल्याच्या लेखी लोखंडी रंधा म्हणजे बीड. लोखंडापासून वेगळा काढून तो किलोच्या भावाने पुढे जातो आणि शेवटी वितळतो. शाळा, तंत्रशाळा, आयटीआय अशा ठिकाणची हत्यारं डेडस्टॉक रजिस्टरवरून निर्लेखित होऊन लिलावात निघतात, तीही बहुधा ढिगाने. तेव्हा गोंदियात जुना रंधा शोधायचा तर भंगाराचं गोदाम, आठवडी बाजारातला जुन्या लोखंडाचा पथारीवाला आणि काम थांबवलेला सुतार या तीन ठिकाणी विचारायला हवं. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार इथंही रंधे मिळतात, पण तिथं जुन्या वस्तूंचे शौकीन फिरत असतात आणि भाव त्यांच्याकडे पाहून सांगितला जातो. ज्याला वापरायला हत्यार हवं आहे त्याने इतक्या लांब जाण्याचं कारण नाही.

जुना रंधा घेणं शहाणपणाचं ठरतं त्यामागे एक ऐतिहासिक कारण आहे. आज बाजारात दिसणारा लोखंडी रंधा ज्या घडणीचा आहे ती घडण अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली या कारागिराची. त्याची महत्त्वाची पेटंटं 1860 च्या दशकातली. 1869 मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला. ओतीव बिडाचं अंग, त्यात 45 अंशांत कललेली पात्याची बैठक (तिला कारागीर फ्रॉग म्हणतात), पातं खाली-वर करणारी पितळी चक्री, पातं डावी-उजवीकडे कलवणारी दांडी (ही बेलीनंतर स्टॅनलेने जोडली) आणि वरून दाबून धरणारी लिव्हर कॅप, असा हा सगळा मेळ आहे. पेटंटची मुदत संपल्यावर शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ने तो उचलला, आणि आपल्याकडे जालंधरच्या कारखान्यांनी, ‘अनंत’सारख्या नावांनी, तोच मेळ ओतला. दीडशे वर्षांत घडण मुळात बदललेली नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा पाच नंबरचा रंधा आणि आज दुकानात असलेला पाच नंबरचा रंधा यांच्या कामात तत्त्वाचा काहीही फरक नाही. मोबाइल किंवा मोटारसायकल जुनी घेतली तर आपण मागच्या पिढीचं तंत्र घेतो. रंध्याच्या बाबतीत ते नुकसान होत नाही.

आता नंबर. तीनपासून आठपर्यंतचे रंधे सर्रास ‘बेंच प्लेन’ म्हणून ओळखले जातात, आणि नवशिक्याला बहुधा चार नंबर सुचवला जातो, कारण तो आटोपशीर असतो. मला हा सल्ला पटत नाही. चार नंबरची लांबी जेमतेम दहा इंच, पाच नंबरची चौदा इंच. पात्याची रुंदी दोन्हींची साधारण दोन इंचच. रंध्याचा तळ जितका लांब, तितका तो फळीवरच्या खळग्यांवरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटे कापतो. आखूड तळ खळग्यात उतरतो आणि खळगा तसाच ठेवून त्याला गुळगुळीत करतो. वखारीतून आणलेली किंवा जुन्या मयालीतून चिरलेली फळी आधी सरळ करावी लागते, मग गुळगुळीत. एकच रंधा परवडणार असेल तर तो सरळ करणारा हवा. पाच नंबरचं पातं कडेला किंचित गोलवून घासलं तर तो भरड काम करतो, दुसरं पातं सरळ धारेचं ठेवलं तर तोच शेवटची सफाईही करतो. सुमारे दोन किलोचं वजन सुरुवातीला जड वाटतं, पण ऐनासारख्या टणक लाकडात तेच वजन पात्याला उडू देत नाही. सहा-सात नंबर त्याहून सरळ काम करतात हे खरं. मात्र त्यांचा तळ बिघडलेला असला तर घरी दुरुस्त करणं नवशिक्याच्या आवाक्यातलं नाही.

रंधा हातात आला की आधी पाहायचा तो तडा. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला आणि घासायला सोपं जातं, पण त्याच पापुद्र्यांच्या कडेने ते फुटतं. सिमेंटच्या जमिनीवर टेबलाइतक्या उंचीवरून पडलेला रंधा वरून धड दिसतो आणि आतून तडकलेला असतो. तडे दोन ठिकाणी शोधायचे: तोंडाच्या, म्हणजे पातं जिथून खाली येतं त्या चिरेच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि मधोमध उभ्या असलेल्या बाजूच्या भिंतींत. गंज आणि काळ्या रंगाखाली तडा लपतो. त्यासाठी एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. संशयाच्या जागी रॉकेल चोळायचं, ते मिळत नसेल तर डिझेल. पाच मिनिटांनी चिंधीने कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर ओली रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत आगगाडीच्या आसांचे तडे पूर्वी याच पद्धतीने शोधत. रेघ उमटली की रंधा खाली ठेवावा. ‘वेल्डिंग करून घ्या, चालतो’ असं विकणारा म्हणेल. वेल्डिंगच्या उष्णतेने बीड आणखी ताणतं, तळाला पीळ पडतो, आणि तो पीळ काढण्याची मजुरी नव्या रंध्याच्या घरात जाते.

गंजाचं मात्र लोक उगाच भय घेतात. मृग लागला की गोंदियातली हवा दमट होते आणि उघडं पडलेलं बीड चार दिवसांत तांबूस होतं. तेव्हा इथला जुना रंधा गंजलेला असणारच. तळावरचा गंज बहुधा कातडीपुरता असतो. चिंचेचं पाणी किंवा लिंबाचं सत घातलेलं पाणी त्यावर रात्रभर ठेवलं, सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवलं आणि तेल लावलं की तो जातो. मागे राहिलेले बारीक खड्डे तळाला काहीच करत नाहीत, कारण रंधा टेकतो तो खड्ड्यांभोवतीच्या सपाट भागावर. पण हाच गंज पात्याच्या मागच्या, सपाट बाजूला असेल तर निकाल उलटा द्यावा लागतो. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथं मिळतात ती रेघ: एक पुढचा उतार, दुसरी मागची सपाटी. उतार घासता घासता धार जसजशी मागे सरकते, तसतसा मागच्या बाजूचा प्रत्येक खड्डा धारेवर येतो आणि तिथं खाच पडते. त्या खाचेइतकी बारीक रेघ प्रत्येक छिलक्यासोबत फळीवर उठते. खड्डे वरवरचे असतील तर मागची बाजू दगडावर सपाट करून ते निघतात. नखाला लागण्याइतके खोल असतील तर ते पातं नव्या पात्याची किंमत वजा करूनच मोजावं.

पात्याकडे जरा जास्त वेळ द्यावा, कारण इथलं लाकूड त्यालाच सोसावं लागतं. सागाच्या लाकडात सिलिका असते, वाळूत असते तीच. साग दिसायला मऊ, कापायला सोपा, आणि तरी धार लवकर खातो. जुन्या घरातून निघालेल्या लाकडात खिळे आणि त्यांची मोडकी टोकं असतात ती वेगळीच. (रंधा मारण्याआधी जुन्या स्पीकरचं चुंबक फळीवरून फिरवलं तर बरीच पाती वाचतात.) म्हणून पात्यात किती पोलाद शिल्लक आहे ते बघायचं. बेली पद्धतीच्या पात्यात मधोमध उभी खाच असते. त्या खाचेच्या टोकापासून धारेपर्यंत एक इंचाहून कमी पोलाद उरलं असेल तर पातं म्हातारं झालं. मग रंग बघायचा. विजेच्या ग्राइंडरवर घाईने घासलेल्या पात्याचं टोक निळं पडतं. साधारण 300 अंश सेल्सिअसला पोलादावर हा निळा रंग चढतो, आणि तो चढला म्हणजे पात्याचं पाणी उतरलं. अशी धार केसही कापेल, पण दहा हात मारल्यावर वळेल. निळा भाग एक-दोन मिलिमीटर असेल तर दगडावर हळूहळू घासून मागे नेता येतो. पाव इंचभर निळा असेल तर सोडून द्या. शेवटी एका बारीक नव्या कानशीने पात्याच्या कोपऱ्याला हलकेच स्पर्श करून बघावा. चांगल्या पात्यावर कानस बहुतेक सरकते. पितळ कापावं तशी खात गेली तर ते पातं मऊ आहे. विकणाऱ्याला विचारून आणि धारेपासून दूरच्या कोपऱ्यावर ही तपासणी करावी, म्हणजे त्याचं नुकसान होत नाही.

तळाच्या सपाटीबद्दल पुस्तकांत फार धास्ती घातलेली असते. संपूर्ण तळ आरशासारखा सपाट असण्याची गरज नाही; पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक हे तिन्ही एका पातळीत हवेत, त्यांच्या मधले भाग थोडे खोलगट असले तरी चालतात. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघायचं. टोकं टेकली आहेत आणि तोंडापाशी उजेड दिसतो, तर किती दिसतो हे मोजायला साधा झेरॉक्सचा कागद पुरतो; तो सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. सफाईचा छिलका असतो 0.05 मिलिमीटरच्या आसपास. तोंडापाशी एक कागद सरकत असेल तर पातं लाकडापर्यंत पोचवायलाच छिलक्याच्या दुप्पट बाहेर काढावं लागतं, आणि फळीच्या टोकाशी रंधा टेकेनासा झाला की ते एकदम खोल शिरतं. एका कागदाइतकी खोली जाड काचेवर चिकटवलेल्या 80 नंबरच्या एमरी पेपरवर दोन-तीन संध्याकाळी घासून निघते. त्या वेळी पातं आत ओढून पण लिव्हर कॅप आवळून ठेवावी, म्हणजे वापरताना अंगावर जो ताण असतो त्याच ताणात तळ सपाट होतो. दोन-तीन कागद आत जात असतील, किंवा दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून पाहिल्यावर पीळ दिसत असेल, तर तो रंधा नवशिक्याचा नाही.

बाकी गोष्टी लवकर उरकता येतात. मूठ तुटलेली असली तर बिनधास्त घ्या. शिसमाच्या तुकड्यातून नवी मूठ करणं हाच सुतारकामाचा चांगला पाठ आहे, आणि तुटक्या मुठीमुळे भाव मात्र चांगलाच उतरतो. लिव्हर कॅपवर कोणतं नाव आहे यावर जाऊ नका, ती कुठल्याही रंध्यावरून काढून लावलेली असू शकते. पितळी चक्री उलटी फिरते असं वाटलं तर घाबरू नका. बेली रंध्यात तिचे आटे डावे असतात, आणि अर्धा-पाऊण फेरा मोकळा फिरणंही नेहमीचंच. पण स्क्रू सगळे जागेवर आहेत ना हे मोजून बघा. जुन्या रंध्यांचे आटे कंपन्यांनी आपापल्या मापाने कापलेले आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू त्यांत बसत नाही, आणि फ्रॉगचा एक हरवलेला स्क्रू दुसरा रंधा मोडल्याशिवाय सहसा मिळत नाही. पाच रुपयांच्या वस्तूपायी अख्खा रंधा अडून बसतो तो इथं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप हा की एवढी तपासणी करण्यापेक्षा नवाच का घेऊ नये. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू आहे, तिच्या 18 व्यवसायांत सुतार आहे, आणि हत्यारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. परंपरेने सुतारकाम करणाऱ्या पात्र माणसाने ती जरूर घ्यावी. त्याच्यासाठी हे प्रकरण लिहिलेलं नाही. पण शिक्षक, शेतकरी, कॉलेजचा विद्यार्थी, निवृत्त रेल्वे कर्मचारी असा हौसेने शिकणारा त्या योजनेत बसत नाही. त्याला दुकानातून नवा घ्यायचा तर दोनच वाटा उरतात. परदेशी बनावटीचा, पेटीतून काढून लगेच वापरता येईल असा उत्तम रंधा फार महाग आहे. स्वस्त नवा रंधा दुकानातून कामाला तयार येत नाही: त्याचा तळ घासावा लागतो, पात्याची मागची बाजू सपाट करावी लागते, कॅप आयर्न (पात्यावर आवळलेली दुसरी लोखंडी पट्टी) पात्यावर नीट बसवावं लागतं. जी मेहनत जुन्यावर करायची तीच नव्यावरही करायची असेल, तर जास्त पैसे मोजून मिळतो तो फक्त रंग. एक सवलत नव्याला दिली पाहिजे: त्यात तडा नसतो आणि स्क्रू पूर्ण असतात. ज्याला जुना तपासण्याचा आत्मविश्वासच नाही, त्याने ही खात्री विकत घेतली तर ते चूक म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोखंडी रंध्याचं एवढं कौतुक कशाला, आपल्या गावचा सुतार स्वतः बाभळीच्या किंवा शिसमाच्या ठोकळ्यात पातं आणि पाचर बसवून रंधा करत आला आहे, आणि त्यावर त्याने आयुष्यभर दारं-चौकटी केल्या आहेत. हे खरं आहे. लाकडी रंधा हलका असतो, फळीवर सहज सरकतो, आणि त्याचा तळ बिघडला तर दुसऱ्या रंध्याने पाच मिनिटांत सरळ करता येतो. अडचण त्या ‘दुसऱ्या रंध्या’तच आहे: नवशिक्याकडे तो नसतो. शिवाय पातं खाली-वर करायचं ते हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. पुढे ठोकला की खाली, मागे ठोकला की वर. हे ज्ञान हाताचं आहे, आणि ते पाहून शिकावं लागतं. त्यात गोंदियाची हवा: मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, जुलैत भिंतींना ओल येते; ठोकळा आकसतो आणि फुगतो, पाचर कधी सैल तर कधी घट्ट. तुमच्या गावात लाकडी रंधा चालवणारे काका किंवा मिस्त्री असतील आणि ते शेजारी बसवून शिकवायला तयार असतील, तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडचा लाकडी रंधा घ्या. एकट्याने शिकणाऱ्याला मात्र चक्री फिरवून पातं केसभर खाली आणणारा लोखंडी रंधाच सांभाळून घेतो.

विजेच्या रंध्याचं नाव कोणीतरी काढतंच. रोज शंभर फूट चौकटीचं लाकूड साफ करायचं असेल तर त्याला पर्याय नाही. शिकणाऱ्याच्या हाती मात्र तो चूक करायला वेळच देत नाही; उलट्या तंतूंवर गेला की क्षणात लाकूड उपटतो, पृष्ठभागावर बारीक लाटा ठेवतो, आणि त्या काढायला शेवटी हाताचाच रंधा लागतो. आणि ज्याला फक्त प्लायवूडचं काम करायचं आहे त्याने हाताचा रंधाही घेऊ नये. प्लायमधल्या डिंकाने धार मरते आणि पापुद्रे उलट्यासुलट्या दिशांना उखडतात.

‘जुना हलका रंधा सागाला ठीक, पण बीजा आणि ऐन त्याला झेपणार नाही’ ही शंका जाणकार सुतारही काढतात. या लाकडांच्या फळीत तंतू बरेचदा थराथराने उलटसुलट गेलेले असतात. रंधा कुठूनही मारला तरी अर्धे तंतू उलटेच लागतात. यावर महागडा, जड, उभ्या कोनाचा रंधा हाच इलाज आहे असं मानलं जातं. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो या संशोधकांनी पात्यावरच्या कॅप आयर्नचा परिणाम कॅमेऱ्याखाली तपासला. कॅपची कड धारेच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांवर आणली की वर येणारा छिलका तिच्यावर आदळून लगेच मोडतो, आणि त्याच्या ताणाने पुढचं लाकूड उपटण्याआधीच कापलं जातं, हे त्यांच्या चित्रणात दिसलं. म्हणजे उलट्या तंतूंवरचा इलाज साध्या पाच नंबरच्या रंध्यात आधीपासूनच बसवलेला आहे. अट एवढीच की कॅपची कड पात्याला सलग टेकली पाहिजे. दोन्ही एकत्र धरून उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर तिथं छिलका अडकतो आणि रंधा तुंबतो. कॅपची कड दगडावर घासून ही फट अर्ध्या तासात बुजते.

आता भाव. बिडाच्या किलोचा चालू भाव गुणिले दोन किलो ही खालची मर्यादा समजा. त्याहून कमीत कोणी देणार नाही, आणि भंगारवाल्याला त्याहून थोडं जास्त दिलं तरी तो खूश असतो. वरची मर्यादा म्हणजे त्याच नंबरच्या नव्या देशी रंध्याच्या निम्मी किंमत. पातं बदलावं लागणार असेल तर नव्या पात्याचे पैसे त्यातून वजा करा. काम थांबवलेल्या सुताराकडून घेत असाल तर भावात फार ताणू नका. त्याने जपलेल्या रंध्यावर तुमचे चार दिवस वाचतात, आणि त्याने पात्याला धार लावून दाखवली तर त्याची किंमत रंध्याइतकीच आहे. मात्र हिशेबात एक खर्च लोक हमखास विसरतात, तो धारेच्या दगडाचा. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड, सपाट काच आणि थोडा एमरी पेपर यांच्याशिवाय कोणताही रंधा, नवा असो की जुना, आठवड्याभरात निकामी होतो. हातात आहेत तेवढे सगळे पैसे रंध्यावर घालून दगड पुढच्या महिन्यावर टाकणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

घरी आणल्यावर तेलाच्या बाबतीत एक काळजी विदर्भात विशेष घ्यावी लागते. इथं जवसाचं तेल घरात असतं आणि हाताला तेच लागतं. जवसाचं तेल हवेत वाळून त्याची कातडी धरते. मुठीच्या लाकडाला ते उत्तम, पण चक्री, आटे आणि फ्रॉगला लावलं तर महिन्याभरात सगळं चिकटून बसतं. धातूला शिवणयंत्राचं तेल किंवा खोबरेल लावा, आणि पावसाळ्यात रंधा वापरून झाला की लगेच पुसा, कारण घामाच्या हाताची खूण दुसऱ्या दिवशी गंजाची खूण होते.

रंधा बघायला जाताना तळाइतकी लांब स्टीलची पट्टी, कोरा कागद, रॉकेलची चिंधी, खडू आणि बारीक कानस एवढं सोबत न्या, आणि बघायचा क्रम तडा, पातं, तळ, स्क्रू असाच ठेवा. चारही जागा धड असतील तर वर कितीही गंज असला, मूठ मोडलेली असली, नाव पुसलेलं असलं, तरी तो पाच नंबरचा रंधा घ्या. उरलेल्या पैशातून त्याच दिवशी दगड आणा.